सेवेचे बंधन आणि पैशाची पळवाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय प्रथमदर्शनी आपल्या नेहमीच्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. लष्करासाठी डॉक्टर कसे निवडले जातात, त्यांना शिकविण्याच्या मोबदल्यात त्यांच्याकडून कोणती सेवा घेतली जाते आणि ती सेवा कोणत्या अटींवर घेतली जाते, हा तो विषय होय. सैन्याचा प्रश्न सैन्याने पाहावा, आपण आदिवासी पाड्यावरच्या आरोग्यकेंद्राचे बोलावे, असे कोणी म्हणेल. परंतु माझे म्हणणे असे आहे की, पाड्यावरच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर का नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर पुण्याच्या वानवडीत, सोलापूर रस्त्यावर उभे आहे. ते आपण नीट वाचलेले नाही, एवढेच.

आधी थोडा इतिहास पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर आपल्या सैन्याच्या वैद्यकीय सेवा विखुरलेल्या होत्या. त्या एकत्र कशा कराव्यात याचा विचार करण्यासाठी डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींनंतर १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आरंभी तेथे आधीच डॉक्टर झालेल्या अधिकाऱ्यांना पुढचे शिक्षण दिले जाई. बारावी झालेल्या मुलाला घेऊन त्याला डॉक्टर करण्याचे, म्हणजे पदवीचे शिक्षण, तेथे ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाले. चीनचे आक्रमण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातले. म्हणजे हा निर्णय युद्धाच्या धावपळीत घेतलेला नव्हता. खुल्या बाजारातून पुरेसे डॉक्टर सैन्यात येत नाहीत, तेव्हा ते आपणच घडविले पाहिजेत, हा शांतपणे केलेला विचार त्यामागे होता. ‘बाजारातून येत नाहीत’ हे शब्द आपण लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचाच आधार घ्यावयाचा आहे.

आता प्रवेशाची रीत पाहू. पूर्वी हे महाविद्यालय आपली स्वतंत्र परीक्षा घेत असे. आता ‘नीट’ या देशव्यापी परीक्षेच्या गुणांवरून उमेदवार निवडून पुण्यास बोलावले जातात. तेथे त्यांची इंग्रजी भाषा, आकलन व तर्कशक्ती यांची आणखी एक परीक्षा होते. अर्ध्या तासात चाळीस प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यानंतर मानसिक कल पाहणारी चाचणी, पन्नास गुणांची मुलाखत आणि शेवटी लष्करी निकषांवर शारीरिक तपासणी. उमेदवार अविवाहित असला पाहिजे, अशीही अट आहे. अलीकडच्या वर्षांतील माहितीपत्रकांप्रमाणे दरवर्षी सुमारे दीडशे जणांना प्रवेश मिळतो. त्यांत मित्रराष्ट्रांतून आलेले पाच विद्यार्थी वगळले, तर ११५ मुलगे आणि ३० मुली असतात.

या रीतीत दोन गोष्टी आपल्याला खटकल्या पाहिजेत.

पहिली भाषेची. ‘नीट’ ही परीक्षा मराठीतून देता येते. बार्शीच्या किंवा गंगाखेडच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी जीवशास्त्र आपल्या भाषेत लिहून देशातल्या लाखो मुलांच्या पुढे जाऊ शकते. एवढे केल्यावर पुण्याच्या दारात तिला इंग्रजीच्या कसोटीला तोंड द्यावे लागते. सैन्याचा कारभार इंग्रजीत चालतो, हे उत्तर मला ठाऊक आहे. परंतु ज्या जवानाची नाडी या डॉक्टरला पाहावयाची आहे, तो सातारचा, गढवालचा, नाहीतर नागालँडचा असतो. आपली वेदना तो इंग्रजीत सांगत नाही. इंग्रजी शिकविण्यासाठी महाविद्यालयाला साडेचार वर्षे मिळतात. ती प्रवेशाच्या दारातच मागणे म्हणजे ज्या घरात इंग्रजी आधीच आहे, त्या घराला झुकते माप देणे होय. मुलाखतीतही हेच घडण्याचा धोका असतो. ऐटीत बोलणे आणि नेतृत्वगुण यांची गल्लत करणे ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी खोड आहे.

दुसरी गोष्ट मुलींच्या जागांची. मुलींसाठी जागा थोड्या, म्हणून त्यांच्या प्रवेशाची गुणमर्यादा मुलांपेक्षा वर राहते. म्हणजे एखादी मुलगी अधिक गुण मिळवूनही बाहेर राहते आणि तिच्याहून कमी गुणांचा मुलगा आत जातो. मुली सैन्यात टिकत नाहीत, हे त्याचे कारण असेल काय? याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पुनीता अरोरा २००४ साली लेफ्टनंट जनरल झाल्या; भारतीय सैन्यदलांत त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. याच महाविद्यालयाच्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाल्या आणि २०२१ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. याच महाविद्यालयाच्या आरती सरीन ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांच्या प्रमुख झाल्या. प्रमुखपद स्त्रीला देता येते, पण प्रवेशाच्या पाच जागांपैकी एकच द्यावयाची, यात कोणते तर्कशास्त्र आहे, हे संसदेत कोणी तरी विचारावयास हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचे शुल्क घेतले जात नाही. राहणे, जेवण, गणवेश ही सारी जबाबदारी सरकारची. मोबदला एकच: पदवी मिळाल्यावर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून दाखल व्हावयाचे. काहींना स्थायी नेमणूक मिळते, काहींना सात वर्षांची अल्पमुदतीची. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थी आणि त्याचे पालक यांच्याकडून तसा करार लिहून घेतला जातो. समाजाने शिकविले, आता समाजाची सेवा कर. या तत्त्वाला आपण समाजवाद्यांनी हात जोडावेत असेच ते आहे.

परंतु कराराच्या पुढच्या कलमात एक पळवाट आहे. पदवीनंतर सेवा नको असेल, तर ठरलेली रक्कम भरून मोकळे होता येते. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम साठ लाख रुपयांच्या वर गेलेली आहे. रक्कम मोठी आहे, यात संशय नाही. पण ती कोणासाठी मोठी? कोरडवाहू शेतकऱ्याच्या, गिरणीतून निघालेल्या कामगाराच्या, तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या कारकुनाच्या मुलाला ती जन्मभराची बेडी आहे. ज्याच्या बापाचे शहरात इस्पितळ आहे, त्याला तो खासगी मेडिकल कॉलेजच्या खर्चाशी ताडून पाहण्याचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात पुण्याचे नामांकित शिक्षण त्याला महाग पडतेच असे नाही. याचा अर्थ असा की, एकाच करारावर सही करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने सेवेचे वचन दिलेले असते आणि दुसऱ्याने उधारीची पावती.

येथे मला राज्यघटनेकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. वेठबिगारीला बंदी करणारे २३वे कलम आपणांस पाठ आहे. त्याच कलमाचे दुसरे उपकलम मात्र आपण क्वचितच वाचतो. सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा लादण्याचा अधिकार ते राज्याला देते. मात्र अशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे बजावते. ‘वर्ग’ हा शब्द घटनेत आहे, साथींनो, तो आपल्या पत्रकातला नाही. डॉक्टरांच्या सेवाबंधनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारांची अशी बंधने वैध ठरविली आणि देशभर एकसारखे धोरण असावे, असे सुचविले. निकाल योग्यच होता. पण जे बंधन पैसेवाल्याला तोडता येते आणि गरिबाला तोडता येत नाही, ते घटनेच्या शब्दांत बसले तरी तिच्या हेतूत बसत नाही, असे माझे मत आहे.

सैन्याचे सोडून आता आपल्या राज्याकडे वळू, कारण हीच पळवाट तेथे अधिक रुंद राहिलेली आहे. महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेल्या डॉक्टरने एक वर्ष शासकीय सेवा करावी, असे बंधन आहे. ती न केल्यास एमबीबीएस झालेल्याने दहा लाख आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याने पन्नास लाख रुपये भरावयाचे, अशी तरतूद होती. पुढे २०१९ साली दीर्घकाळ ग्रामीण सेवा करण्याची हमी देणाऱ्यांसाठी काही जागा राखून ठेवण्याच्या आणि हमी मोडल्यास तुरुंगवासाची शिक्षा करण्याच्या विधेयकाला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. एका टोकाला दंडाची पावती आणि दुसऱ्या टोकाला तुरुंग. या दोहोंच्या मध्ये डॉक्टरला गावात माणसासारखे राहून काम करता येईल अशी व्यवस्था कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तिचा परिणाम डोळ्यांपुढे आहे. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्यविषयक आकडेवारीप्रमाणे २०२१-२२ साली देशातील ग्रामीण भागांतल्या सामुदायिक आरोग्यकेंद्रांत विशेषज्ञ डॉक्टरांची कमतरता गरजेच्या सुमारे ऐंशी टक्के होती. शस्त्रक्रिया करणारा, बाळंतपण सांभाळणारा, मुलांचे आजार पाहणारा डॉक्टर जेथे पाच हवेत तेथे एक होता. याउलट दुर्गम पहाडातल्या लष्करी ठाण्यावर डॉक्टर पोहोचतो. दोन्ही ठिकाणे गैरसोयीची. मग हा फरक का?

केवळ करारामुळे हे होते, असे मानणे भोळेपणाचे होईल. सैन्यातला डॉक्टर त्या ठाण्यावर जातो तेव्हा त्याच्यामागे एक संपूर्ण रचना उभी असते. त्याला राहावयास जागा असते, हाताखाली प्रशिक्षित माणसे असतात, औषधाचा पुरवठा असतो आणि रुग्णाला मागच्या मोठ्या इस्पितळात हलविण्याची सोय असते. ठरलेल्या मुदतीनंतर आपली बदली होईल, बढती मिळेल आणि पदव्युत्तर शिक्षणाचे दार आपल्यासाठी उघडेल, याची त्याला खात्री असते. तो एकटा पडत नाही. आपल्या आरोग्यकेंद्रात नेमलेला तरुण डॉक्टर पुष्कळदा कंत्राटावर असतो. निवासस्थान गळके, परिचारिकेची जागा रिकामी, रुग्णवाहिका असली तर चालक नाही, आणि रुग्ण दगावला की जमावाच्या रागाला तोंड देण्यास तो एकटा. अशा ठिकाणी वर्षभर थांबण्यापेक्षा दहा लाख भरलेले बरे, असे ज्याला परवडे तो म्हणे. ज्याला परवडत नाही तो दिवस मोजतो. तेव्हा आपल्या आंदोलनाने डॉक्टरांना केवळ कामचुकार ठरवून थांबता कामा नये. सेवेची सक्ती करणाऱ्या सरकारवर सेवेची साधने पुरविण्याची तेवढीच सक्ती असली पाहिजे.

सैन्याला जे जमते ते खेड्यासाठी जमणार नाही, युद्धाची गोष्ट वेगळी, असा आक्षेप येईल. या आक्षेपाला जपानने अर्धशतकापूर्वी उत्तर दिलेले आहे. जपानने १९७३ साली आपल्या संरक्षण दलांसाठी राष्ट्रीय संरक्षण वैद्यकीय महाविद्यालय स्थापले: शिक्षण मोफत, नंतर नऊ वर्षांची सेवा. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, तेथील सर्व प्रांतांनी मिळून जिची नावाचे आणखी एक वैद्यकीय विद्यापीठ उभारले होते. सत्तेचाळीस प्रांतांपैकी प्रत्येकातून दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी निवडावयाचे, त्यांचा खर्च प्रांताने कर्जाऊ द्यावयाचा, आणि शिक्षणाच्या मुदतीच्या दीडपट काळ, म्हणजे सामान्यतः नऊ वर्षे, त्यांनी आपल्याच प्रांतात डॉक्टरांची वाण असलेल्या भागासह सेवा केली की ते कर्ज माफ. त्या भांडवलशाही देशाने सैनिकासाठी एक महाविद्यालय काढले आणि डोंगरातल्या गावकऱ्यासाठी दुसरे. आपण पहिले १९६२ सालीच पुण्यात केले. दुसरे अजून केलेले नाही.

अमेरिकेचे उदाहरणही बोलके आहे. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, १९७३ साली, तेथे सक्तीची सैन्यभरती थांबली. ती थांबणार हे दिसू लागताच १९७२ साली त्या देशाने कायदा करून सैन्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यापीठ स्थापले. तेथील विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाहीत, उलट त्याला अधिकाऱ्याचा पगार देतात आणि पुढे सात वर्षांची सेवा घेतात. खासगी व्यवसायाचा अभिमान बाळगणाऱ्या देशालाही सैन्याच्या बाबतीत बाजारावर विसंबता आले नाही. बाजार डॉक्टर पुरवील हे तत्त्वज्ञान सगळीकडे फक्त गरिबांनाच ऐकविले जाते.

मात्र बंधनाला मर्यादाही असली पाहिजे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गणवेश घातला तरी डॉक्टरची पहिली निष्ठा रुग्णाशी असते. जखमी माणूस आपला की शत्रूचा, हे न पाहता केवळ वैद्यकीय गरजेनुसार उपचार करावेत, हे १९४९च्या जिनिव्हा करारांनी सर्व राष्ट्रांवर बंधनकारक केले आहे. अमेरिकेत हॉवर्ड लेव्ही नावाच्या कॅप्टन असलेल्या डॉक्टरने व्हिएतनाम युद्धाच्या काळात विशेष दलाच्या सैनिकांना वैद्यकीय प्रशिक्षण देण्यास नकार दिला. या प्रशिक्षणाचा उपयोग उपचारासाठी न होता युद्धाचे हत्यार म्हणून होईल, असे त्याचे म्हणणे होते. १९६७ साली लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली आणि त्याने तुरुंगवास भोगला. त्याची बाजू पटो वा न पटो, प्रश्न खरा आहे. समाज डॉक्टरकडून सेवा मागू शकतो. त्याचा विवेक गहाण मागू शकत नाही. गावातल्या बंधनालाही हेच लागू आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची उद्दिष्टे माणसे धरून पुरी करावयास लावण्याचे प्रकार आणीबाणीत, १९७६ साली, या देशात झालेले आहेत, हे आपण विसरू नये.

कोणी म्हणेल, सेवा ही आतून यावी लागते, करारातून येत नाही. आतून आलेल्या सेवेचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. त्यांच्याकडून कोणी करार लिहून घेतलेला नव्हता. अशा माणसांपुढे आपण नतमस्तक व्हावे. परंतु त्यांच्या भरवशावर आरोग्यव्यवस्था उभारता येत नाही. नंदुरबारच्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता डॉक्टर हवा असतो, तो कोटणीस असो वा नसो. व्यवस्था सामान्य माणसाच्या सामान्य चांगुलपणावर चालली पाहिजे, आणि तो चांगुलपणा टिकेल अशी परिस्थिती निर्माण करणे हे राजकारणाचे काम आहे.

महाराष्ट्रात याचा एक प्रयोग झालेला आहे. गांधी-शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथील पदवीधरांना पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागातील संस्थांत काम करावे, असा दंडक त्या संस्थेने घातला. येथे पैशाची भाषाच नाही. ज्याला पुढे जावयाचे आहे त्याने गावातून जावयाचे, एवढीच अट. बंधनाची रचना कशी असावी याचा हा नमुना आपल्याच राज्यात आहे.

तेव्हा आपली मागणी काय असावी? माझ्या मते ती चार कलमांत मांडता येईल.

एक, सेवाबंधनाची किंमत रुपयांत ठरविण्याची पद्धत सैन्यात आणि राज्यात दोन्हीकडे बंद व्हावी. आजारपणासारख्या खऱ्या अडचणीत सूट असावी, सेवा पुढे ढकलण्याची सोय असावी. परंतु पैसे भरून सुटका नसावी. ज्याने सेवा केली नाही त्याला पदव्युत्तर प्रवेश आणि कायम नोंदणी मिळू नये.

दोन, पुण्याच्या प्रवेशातील इंग्रजीची कसोटी प्रवेशानंतरच्या शिक्षणात न्यावी, आणि मुलींच्या जागांवरील मर्यादा उठवावी.

तीन, जिचीच्या धर्तीवर राज्याने ग्रामीण आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय काढावे. प्रत्येक जिल्ह्यातून विद्यार्थी घ्यावेत, त्यांना मोफत शिकवावे आणि त्यांच्याच जिल्ह्यात सेवेला लावावे. गावातून आलेला डॉक्टर गावात राहण्याचा संभव अधिक असतो.

चार, सैन्यातील डॉक्टरला ज्या सोयी व जी प्रतिष्ठा मिळते, ती आरोग्यकेंद्रातील डॉक्टरला मिळावी: कायम नेमणूक, राहण्यायोग्य घर, ठरलेली बदली आणि पुढील शिक्षणाचा हक्क.

या मागण्या खर्चिक आहेत, असे सांगितले जाईल. पुण्याचे महाविद्यालयही खर्चिकच आहे. देशाने तो खर्च आनंदाने केला, कारण जवानाचा जीव मोलाचा आहे हे सर्वांना मान्य आहे. तो जवान सुटीवर घरी येतो तेव्हा त्याची आई, बायको आणि मुले ज्या आरोग्यकेंद्राच्या बंद दारासमोर उभी असतात, ते दार उघडणे ही त्याच देशाची जबाबदारी आहे. आपल्या तालुक्यातील आरोग्यकेंद्रात मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि बंधनावर आलेले डॉक्टर कधी आले व कधी गेले, याची यादी करून पुढच्या बैठकीला यावे, ही माझी आपणांस विनंती आहे. मागणीला तोंड फुटते ते अशा यादीतून.